मलाचा रंग आणि आरोग्य : अर्भकाच्या पहिल्या साठ दिवसांच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

रक्त, लघवी आणि थुंकी यांच्या तपासणीविषयी सुशिक्षित समाजात आता संकोच उरलेला नाही. मलाच्या बाबतीत मात्र तो कायम आहे. मराठीत या देहधर्माचा थेट उल्लेख टाळण्यासाठी 'परसाकडे जाणे', 'बाहेर जाणे', 'झाडा होणे' असे अनेक शब्दप्रयोग रूढ झाले. दवाखान्यातही संभाषण बहुधा 'पोट साफ होते का?' या प्रश्नापाशी थांबते. किती वेळा, घट्ट की पातळ, एवढे क्वचित विचारले जाते. रंगाविषयी विचारले जाते ते त्याहून क्वचित. मलाच्या स्वरूपावरून, म्हणजे तो खड्यांसारखा आहे की पातळ आहे यावरून, त्याचे सात प्रकार मांडणारा ब्रिस्टल येथील संशोधकांचा तक्ता १९९७ पासून जगभर वापरात आहे. रंगाच्या वाट्याला तशी प्रसिद्धी आलेली नाही.

वास्तविक मलाचा रंग ही कोणत्याही उपकरणाविना, रोज, घरबसल्या मिळणारी माहिती आहे. ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, काही वेळा महत्त्वाची असते आणि एका प्रसंगी तर तिच्यावर जीवनमरण अवलंबून असते. लोकांची भीती आणि प्रत्यक्ष धोका यांचा मेळ मात्र बसत नाही. लाल आणि काळा हे रंग माणसाला घाबरवतात. त्यामुळे निदान ते लक्षात तरी येतात. फिकट, पांढुरका रंग कोणालाही भीतिदायक वाटत नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र सर्वांत कमी मुदत देणारा रंग तोच आहे. प्रस्तुत लेखात मलाच्या रंगामागील शरीरक्रिया, प्रौढांमधील प्रमुख रंगबदलांचा अर्थ आणि त्यानंतर अर्भकातील फिकट मलाचा प्रश्न यांचा परामर्श घेतला आहे.

रंग कोठून येतो?

मलाचा तपकिरी रंग अन्नाचा नसतो, तो रक्ताचा असतो. हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. जुन्या पेशी प्लीहा आणि यकृत यांत मोडल्या जातात. त्यांतील हिमोग्लोबिनपासून प्रथम बिलिव्हर्डिन हे हिरवे आणि नंतर बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य तयार होते. प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबिन निर्माण होते. यकृत त्याला पाण्यात विरघळण्याजोगे रूप देते आणि पित्तावाटे ते आतड्यात सोडते. तेथील जीवाणू त्याचे रूपांतर युरोबिलिनोजन व तत्सम रंगहीन पदार्थांत करतात. त्यांचा हवेशी संयोग होऊन स्टर्कोबिलिन हे तपकिरी द्रव्य बनते.

आतड्यातील जीवाणू हे काम नेमके कोणत्या विकराच्या साहाय्याने करतात, हे दीर्घकाळ अज्ञात होते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठ व राष्ट्रीय आरोग्य संस्था येथील संशोधकांनी 'बिलिरुबिन रिडक्टेज' हे विकर शोधल्याचे प्रसिद्ध केले. त्यांच्या अभ्यासातील एक निरीक्षण प्रस्तुत विषयाशी जवळचे आहे. आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत अनेक बाळांच्या आतड्यात हे विकर तयार करणारे जीवाणू आढळतच नाहीत. त्यामुळे बिलिरुबिनचे तपकिरी द्रव्य होत नाही. अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाची शी हळदीसारखी पिवळी का असते, याचे उत्तर येथे मिळते. तो पित्ताचाच रंग असतो, पुढची प्रक्रिया न झालेला.

यावरून एक साधे सूत्र हाती लागते. तपकिरी, पिवळा आणि हिरवा हे तिन्ही रंग एकाच पित्ताच्या वेगवेगळ्या अवस्था आहेत. ते दिसत असतील तर यकृतातून आतड्यापर्यंतची पित्ताची वाट खुली आहे, असे समजावे. ही वाट बंद झाली तर मल पांढुरका पडतो, आणि आतड्यात न पोहोचलेले बिलिरुबिन रक्तात साठून लघवीवाटे बाहेर पडू लागते. म्हणून फिकट मल आणि गडद लघवी ही जोडी वैद्यकशास्त्रात एकत्र पाहिली जाते.

हिरवा, काळा आणि लाल

हिरव्या रंगाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पालेभाज्या, लोहाच्या गोळ्या, किंवा जुलाबात अन्न आतड्यातून वेगाने पुढे सरकल्याने पित्ताला रंग बदलण्यास वेळ न मिळणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. मराठी घरांतून बाळाच्या हिरव्या शीवरून जितकी चिंता होते, तितकी अन्य कोणत्याही रंगावरून होत नसेल. दात येत आहेत, सर्दी पोटात गेली, बाळंतिणीने काही बाधणारे खाल्ले, असे निदान घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया करतात आणि गुटीत एखादा वेढा वाढवतात. वजन वाढत असलेल्या, व्यवस्थित पिणाऱ्या बाळाची हिरवी शी हा सहसा आजार नसतो.

काळ्या रंगाची गोष्ट वेगळी आहे. जठर किंवा ग्रहणी यांतील व्रणातून रक्तस्राव झाला, तर ते रक्त जठरातील आम्ल आणि आतड्यातील जीवाणू यांच्या क्रियेने काळे पडते. असा मल डांबरासारखा चकचकीत व चिकट असतो आणि त्याला एक विशिष्ट उग्र दुर्गंधी असते. साधारण ५० ते १०० मिलिलिटर रक्त, म्हणजे अर्ध्या ते एका लहान कपाइतके रक्त, एवढ्याने हा रंग येऊ शकतो. गुडघेदुखी वा पाठदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेणारे वृद्ध, हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेणारे आणि दीर्घ मद्यपानाने यकृत कठीण झालेले रुग्ण यांच्यात हे लक्षण आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक ठरते.

परंतु काळ्या मलाचे आपल्याकडील अतिशय सामान्य कारण म्हणजे लोहाच्या गोळ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. गर्भवतींना आणि किशोरवयीन मुलींना या गोळ्या सरकारी योजनेतून दिल्या जातात. गोळी देताना 'शौचाचा रंग काळा होईल, घाबरू नये' एवढे एक वाक्य सांगितले गेले नाही, तर रंग पाहून धास्तावलेली स्त्री गोळ्या सोडून देण्याची शक्यता असते. लोहामुळे येणारा काळेपणा हिरवट छटेचा असतो. मल बांधलेला असतो, त्याला डांबराचा चिकटपणा आणि ती दुर्गंधी नसते. भरपूर जांभळे खाल्ल्यानेही मल गडद होतो. तो रंग दिवस-दोन दिवसांत जातो.

लाल रंगाच्या बाबतीत धोका भीतीचा नाही, खोट्या समाधानाचा आहे. बीट खाल्ल्यानंतर दिसणारा लालसरपणा सोडला, तर ताजे लाल रक्त बहुधा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातून किंवा गुदद्वारातून आलेले असते. त्याला मराठी समाजाने एकच नाव देऊन ठेवले आहे : मूळव्याध. गावोगावच्या भिंतींवरील आणि एस. टी. स्थानकांतील जाहिरातींनी हे नाव इतके परिचित केले आहे की, रक्त दिसताच रुग्ण स्वतःच निदान करून मोकळा होतो. बहुतेकांच्या बाबतीत ते निदान बरोबरही ठरते. परंतु मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाची सुरुवातही अशाच रक्ताने होऊ शकते, आणि एकाच व्यक्तीला मूळव्याध व कर्करोग दोन्ही असू शकतात. चाळिशी ओलांडल्यावर प्रथमच रक्त दिसणे, मलविसर्जनाची सवय बदलणे, वजन घटणे किंवा पुरुषात कारणाविना रक्तक्षय आढळणे, यांपैकी काहीही असल्यास तपासणीविना 'मूळव्याध' म्हणणे योग्य नाही. लहान मुलाला थांबून थांबून पोटात तीव्र कळा येत असतील आणि मल लालसर, शेंबडासारखा पडत असेल, तर आतड्यात आतडे शिरण्याची शक्यता असते. तेथे तासांचा हिशेब असतो.

येथे रंगाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. अल्प प्रमाणातील रक्त डोळ्यांना दिसत नाही. ते केवळ प्रयोगशाळेत कळते. मलाचा रंग नेहमीसारखा आहे म्हणून आतडे निरोगी आहे, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

पित्ताची वाट बंद होते तेव्हा

फिकट, मातकट किंवा पांढुरका मल म्हणजे पित्त आतड्यात पोहोचत नाही. ही जाण आधुनिक वैद्यकाइतकीच भारतीय वैद्यकालाही होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या अध्यायात कामलेच्या, म्हणजे काविळीच्या, एका प्रकारात मलाची तुलना वाटलेल्या तिळाशी केली आहे. आणि त्याचे कारण म्हणून कफाने पित्ताचा मार्ग अडल्याचे सांगितले आहे. कफ या संकल्पनेविषयी मतभेद असू शकतील. परंतु कावीळ एकाच जातीची नसते आणि अडथळ्याची कावीळ मलाच्या रंगावरून ओळखता येते, हे निरीक्षण आजही तंतोतंत लागू पडते.

प्रौढांत हा अडथळा पित्तनलिकेत अडकलेल्या खड्याचा असू शकतो किंवा स्वादुपिंडाच्या शीर्षभागातील गाठीचा. पहिल्यात बहुधा वेदना असते. दुसऱ्यात कावीळ पुष्कळदा वेदनेविना वाढत जाते, अंगाला खाज सुटते आणि रुग्णाला त्रास जाणवेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. विषाणूजन्य काविळीतही काही दिवस मल फिकट पडू शकतो, पण तो आपोआप पूर्ववत होतो. महाराष्ट्रात कावीळ 'उतरवण्या'साठी गळ्यात माळ घालणे, चुन्याच्या निवळीत हात धुणे असे उपाय आजही चालतात. हेपॅटायटिस 'ए' आणि 'ई' या विषाणूंची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत स्वतःहून बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. अडथळ्याच्या काविळीत माळ लांबत जाते आणि शस्त्रक्रियेचा काळ निघून जातो. या दोन्हींतील फरक सामान्य माणसाला दाखवू शकेल असे घरगुती लक्षण म्हणजे मलाचा सतत टिकून राहिलेला फिकटपणा.

अर्भकातील फिकट मल

नवजात बाळाची पहिली एक-दोन दिवसांची शी काळसर हिरवी व चिकट असते. दूध पचू लागले की ती हिरवट, मग पिवळी होते. याच सुमारास अनेक बाळांना कावीळ दिसते. ती यकृताच्या अपरिपक्वतेमुळे येते आणि मुदतीपूर्वी न जन्मलेल्या बाळात सहसा दोन आठवड्यांत ओसरते. अंगावर पिणाऱ्या काही बाळांत ती त्याहून अधिक काळ रेंगाळते आणि तरीही निरुपद्रवी असते. नेमकी हीच परिस्थिती एका दुर्मीळ पण गंभीर आजाराला आडोसा देते.

त्या आजाराचे नाव बिलिअरी अट्रेसिया. यात यकृताबाहेरील पित्तवाहिन्या दाहामुळे बुजत जातात. कारण निश्चितपणे कळलेले नाही. युरोपात साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एक, तर तैवानमध्ये सहा हजारांच्या आसपास जन्मांमागे एक असे याचे प्रमाण सांगितले जाते. बाळ जन्मतः पूर्ण वजनाचे, गुटगुटीत असते. चांगले पिते, हसते. डोळ्यांत थोडी पिवळी झाक असते आणि ती 'नेहमीची कावीळ' म्हणून सोडून दिली जाते. शी मात्र हळूहळू फिकट होत जाते आणि लघवी दुपट्यावर पिवळा डाग सोडू लागते. तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते. डाग पडणे हेच असाधारण आहे. आत साठलेले पित्त यकृताला इजा करीत राहते. उपचार झाले नाहीत तर बहुसंख्य बाळे दोन वर्षांच्या आत दगावतात. काही बाळांत तर पहिले लक्षण मेंदूतील रक्तस्रावाच्या रूपाने येते. कारण पित्ताविना स्निग्धांश पचत नाही, 'के' जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त गोठण्याची क्रिया ढासळते.

या आजारावरील शस्त्रक्रिया जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठाचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी शोधली आणि १९५९ मध्ये जपानी भाषेत प्रसिद्ध केली. बुजलेल्या वाहिन्या काढून टाकून यकृताच्या मुखाशी आतड्याचा एक भाग थेट जोडायचा, म्हणजे यकृतातील सूक्ष्म नलिकांमधून पित्त झिरपून आतड्यात येते. शस्त्रक्रियेचे यश अनेक बाबींवर अवलंबून असते. त्यांपैकी बाळाचे वय ही घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्या हातातील एकमेव बाब म्हणावी लागेल. जन्मापासून ६० दिवसांच्या आत ती झाल्यास पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली असते. पुढे प्रत्येक आठवड्याला ती घटत जाते. शस्त्रक्रिया यशस्वी झालेल्यांपैकीही अनेकांना पुढे यकृतप्रत्यारोपण लागते, परंतु ते काही वर्षांनी लागणे आणि आठव्या महिन्यात लागणे यांत फार मोठे अंतर आहे. भारतात बालकावरील पहिले यशस्वी यकृतप्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झाले, तेही याच आजारासाठी. आज ही सोय मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत आहे. तिचा खर्च आणि दात्याचा प्रश्न मात्र बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

साठ दिवस ही मुदत कागदावर पुरेशी वाटते. प्रत्यक्षात तिचे तुकडे पडतात. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी येते. सव्वा महिना बाळ-बाळंतीण घरातच, पुष्कळदा अंधाऱ्या उबदार खोलीत असतात. मंद पिवळ्या दिव्याखाली दुपटे बदलले जाते. त्या प्रकाशात फिकट शीदेखील पिवळीच दिसते. कावीळ दिसली तर कोवळ्या उन्हात धरण्याचा सल्ला मिळतो. पुढे बाळ सासरी जाते, डॉक्टर बदलतात, आणि आधीच्या डॉक्टरांनी काय पाहिले हे नव्या डॉक्टरांना ठाऊक नसते. या साखळीत कोणी हलगर्जीपणा केलेला असतोच असे नाही. प्रत्येक जण 'आणखी आठवडाभर पाहू' असे म्हणतो, आणि तसे चार-पाच वेळा म्हटले गेले की मुदत संपते.

वैद्यकीय नियम साधा आहे. १४ दिवसांनंतर कावीळ टिकून असेल तर मलाचा व लघवीचा रंग पाहावा आणि रक्तातील बिलिरुबिनची केवळ एकूण पातळी न पाहता 'डायरेक्ट' बिलिरुबिन वेगळे मोजावे. दूधपित्या बाळाच्या निरुपद्रवी काविळीत 'डायरेक्ट' अंश वाढत नाही. अडथळ्याच्या काविळीत वाढतो. ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणच्या साध्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. अडते ते तिची गरज कोणाच्या तरी लक्षात येण्यापाशी.

रंगाचा तक्ता : जपान आणि तैवान

लक्षात आणून देण्याचा एक उपाय जपानमध्ये पुढे आला. आकिरा मात्सुई आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये तोचिगी प्रांतात बाळाच्या शीच्या रंगांची छायाचित्रे असलेले एक कार्ड मातांना देण्यास आरंभ केला. मातेने बाळाच्या शीचा रंग कार्डावरील रंगांशी ताडून त्याचा क्रमांक लिहायचा आणि एक महिन्याच्या तपासणीच्या वेळी कार्ड डॉक्टरांकडे द्यायचे. १९ वर्षांत तेथे तीन लाखांहून अधिक बाळांची अशी पाहणी झाली. २०१२ पासून जपानमधील माता-बाल आरोग्य पुस्तिकेत हा तक्ता देशभर समाविष्ट आहे.

तैवानने तो अधिक झपाट्याने स्वीकारला. २००२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि २००४ मध्ये संपूर्ण देशात बाल आरोग्य पुस्तिकेत तक्ता जोडण्यात आला. रंग असाधारण वाटल्यास नोंदणी केंद्राला २४ तासांत कळवण्याची व्यवस्था करण्यात आली. आजार असलेल्या बाळांपैकी वयाच्या ६० दिवसांपूर्वी तक्त्याद्वारे ओळखल्या गेलेल्या बाळांचे प्रमाण २००४ मध्ये ७२.५ टक्के होते; २००५ मध्ये ते ९७.१ टक्के झाले. ६० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांचे प्रमाण याच दोन वर्षांत ६० टक्क्यांवरून ७४.३ टक्क्यांवर गेले. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, स्वतःच्याच यकृतावर पाच वर्षे जगणाऱ्या मुलांचे प्रमाण तक्त्यापूर्वीच्या काळात २७.३ टक्के आणि तक्त्यानंतर ६४.३ टक्के आढळले. या वाढीचे सगळे श्रेय एका छापील कागदाला देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण मधल्या काळात शस्त्रक्रिया व शुश्रूषाही सुधारल्या. तरीही या तक्त्याची छपाई ही त्या सर्व सुधारणांतील सर्वांत स्वस्त बाब होती, हे नाकारता येणार नाही.

'पिवळी' या शब्दाची अडचण

तैवानच्या मूळ तक्त्यात सात छायाचित्रे होती. तीन असाधारण आणि चार साधारण. असाधारण तिन्हींत केवळ पांढरा रंग नाही. मातकट पांढुरक्याबरोबर फिकट पिवळाही तेथे असाधारण मानला आहे. येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. मराठीत 'पिवळा' हा शब्द हळदीपासून लोण्याच्या छटेपर्यंत सर्वांना लागू होतो. 'बाळाची शी पिवळी होते ना?' असे विचारले तर दोन्ही बाळांच्या माता प्रामाणिकपणे 'हो' म्हणतील. एकीचे बाळ निरोगी असेल, दुसरीचे नसेल. 'पांढरी आहे का?' असे विचारले तर दुसरीही 'नाही' म्हणेल, कारण ती खडूसारखी पांढरी नसतेच. ज्वारीच्या पिठासारखी, ताकातल्या बेसनासारखी अशी काहीतरी असते. शिवाय हा फिकटपणा एका दिवसात येत नाही. रोज पाहणाऱ्या डोळ्याला हळूहळू होणारा बदल जाणवत नाही. म्हणून शब्दांऐवजी चित्र, स्मरणाऐवजी शेजारी धरून तुलना, आणि एकदाच न पाहता दर काही दिवसांनी पाहणे या तीन गोष्टी तक्त्याच्या पद्धतीत अंगभूत आहेत.

तक्त्याची छपाई हाही दुय्यम मुद्दा नव्हे. शाईची छटा किंचित बदलली तरी साधारण आणि असाधारण यांतील सीमा सरकते. मूळ रंगीत तक्त्याची कृष्णधवल झेरॉक्स काढून वाटली तर तिचा उपयोग शून्य आहे. मोबाइलच्या पडद्यावरही प्रत्येक संचागणिक रंग बदलतो. दिवसाच्या उजेडात, दारापाशी किंवा खिडकीपाशी दुपटे नेऊन पाहणे हा त्यावरील सर्वांत खात्रीचा उपाय होय. शी पाहिल्यावर शंका राहिली तर दुपट्याचेच छायाचित्र त्याच उजेडात काढून डॉक्टरांना दाखवता येते. शक्य असल्यास दुपटेच सोबत न्यावे. बाळ दवाखान्यात असताना शी करीलच असे नाही, आणि वर्णनापेक्षा वस्तू बरी.

गृहभेटी आणि सहावा आठवडा

घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी हे काम केले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींचा कार्यक्रम सुरू झाला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी जाते. यांतील १४ ते ४२ या चार भेटी बिलिअरी अट्रेसियाच्या मुदतीच्या ऐन मध्यात येतात. त्यानंतरच्या गृहभेटींचा दुसरा कार्यक्रम बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर सुरू होतो. तोवर साठ दिवस उलटून गेलेले असतात.

या दोहोंच्या जोडीला सहाव्या आठवड्याचे लसीकरण आहे. पेंटाव्हॅलंट लसीची पहिली मात्रा तेव्हा दिली जाते. बाळ माहेरी असो वा सासरी, खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे जात असो वा उपकेंद्रात, एवढ्या एका दिवशी ते बहुधा आरोग्ययंत्रणेसमोर येते. त्या दिवशी बाळाच्या डोळ्यांतील पांढरा भाग उजेडात पाहणे, दुपट्यावर लघवीचा डाग पडतो का हे विचारणे आणि शीचा रंग तक्त्याशी ताडणे, याला दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. तक्ता पुस्तिकेत छापला जाणे आणि तो दुपट्याशेजारी धरून पाहिला जाणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट घडण्यासाठी आशा, परिचारिका आणि घरातील आजी या तिघींनाही हा रंग माहीत असावा लागतो. बाळाची शी मातेपेक्षाही आजीच अधिक वेळा पाहते, हे तर उघडच आहे.

गृहविज्ञान, शिक्षणशास्त्र आणि राष्ट्रीय सेवा योजना या विभागांतून आरोग्याचे कार्यक्रम नेहमी होतात. रक्तगट तपासणी आणि हात धुण्याची प्रात्यक्षिके यांच्या यादीत हा विषय सहसा नसतो. महाविद्यालयातील अनेक विद्यार्थिनी पुढच्या काही वर्षांत माता होणार असतात, आणि अनेकींच्या घरी आजच एखादे तान्हे बाळ असते. सहाव्या आठवड्यात संशय आला तरी डायरेक्ट बिलिरुबिन, सोनोग्राफी, यकृताची तपासणी आणि बालशल्यचिकित्सकांकडे पाठवणी यांसाठी अठरा दिवस हाती राहतात.